चेरीची पानं दुपारी लुळी पडतात, म्हणजे झाड तहानलेलंच असतं असं नाही

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही राहता मुलुंडला. पत्नीच्या माहेरची बाग शिमला जिल्ह्यात कोटगढच्या बाजूला, साधारण दोन हजार मीटर उंचीवर आहे आणि तिच्यात चेरीची सव्वाशे झाडं आहेत. गेली तीन-चार वर्षं मे महिन्यात भर दुपारी पानं लुळी पडतात, म्हणून तुमचे सासरे रोज संध्याकाळी प्रत्येक आळ्यात एकेक बादली पाणी घालतात. दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. शिवाय फळ रंगावर आलं की एखादा पाऊस येतो आणि फळं तडकतात. हवामान बदललंय, तेव्हा ठिबक बसवून रोज किती लिटर पाणी द्यायचं ते सांगा, असं तुम्ही विचारलंय. मुंबईत गच्चीवर एखादं कलम जगेल का, हेही विचारलंय.

लिटरचा आकडा खाली देते. पण आधी एक पाहायला हवं: पाणी नेमकं कुठे अडतंय? मातीत नाही म्हणून, मातीत आहे पण मुळांना उचलता येत नाही म्हणून, की मुळं उचलताहेत पण हवा त्याहून जास्त ओढतेय म्हणून? तिन्ही वेळा दुपारचं पान सारखंच दिसतं. उपाय मात्र वेगळे आहेत, आणि दुसऱ्या प्रकारात जास्त पाणी घातलं तर झाड मरतं.

मी फळझाडांच्या पाण्याचं काम करते. सुरुवात दिंडोरीच्या द्राक्षबागांत झाली, मग देवगडचा हापूस, आणि गेली चौदा वर्षं दर उन्हाळ्यात हिमाचल आणि काश्मीरमधल्या चेरीच्या बागा. त्यामुळे उत्तर देताना मी मधूनमधून द्राक्ष-आंब्याकडे वळेन. आपल्याला ते जवळचं आहे.

काही गोष्टी तुमच्या प्रश्नात नाहीत आणि त्यांवर पुष्कळ अवलंबून आहे: कलमं कुठल्या खुंटावर, म्हणजे मुळं पुरवणाऱ्या कुठल्या खालच्या झाडावर, बांधलेली आहेत, माती किती खोल आहे, झाडाखाली गवत आहे का, आणि पाणी कुठून येतं, कूहलातून (डोंगरउतारावरच्या पाटातून), झऱ्यावरून की टाकीतून. म्हणून खाली जिथे जिथे ‘असेल तर’ म्हटलंय, तिथे ते खरोखर तपासा.

आधी हवेबद्दल

जुलैत आपल्या घरात दांडीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. हवा पाण्याने आधीच भरलेली असते, तिला आणखी नको असतं. मे महिन्यात मुंबईत घामाच्या धारा लागतात त्याचंही कारण तेच. आता कोटगढला या. तिथे दुपारी २७ अंश तापमान असतं, आपल्याला छान गार वाटतं. पण ओलं फडकं तासाभरात कडक वाळतं.

हे आकड्यांत मांडता येतं. मुंबईत ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल, तर हवेतली बाष्पाची तूट, म्हणजे हवा अजून किती बाष्प मागतेय त्याचं माप, साधारण १.८ किलोपास्कल येते. डोंगरात २७ अंश आणि ३० टक्के आर्द्रता असेल तर ती २.५ होते. म्हणजे आपल्याला जिथे गार वाटतं, तिथे झाडावरची ओढ जास्त आहे. हवामानबदलाचा खरा घाव इथे बसतो. त्या डोंगरातल्या हवेत बाष्प तेवढंच ठेवून तापमान २७ वरून ३० वर नेलं, तर तूट २.५ वरून जवळजवळ ३.२ वर जाते. तापमान वाढतं तीन अंशांनी, ओढ वाढते पाव हिश्श्याने. पाऊस तेवढाच पडला तरी झाडाचं मागणं वाढलेलं असतं. तुमच्या सासऱ्यांना ‘पाणी पूर्वीइतकंच घालतोय, तरी पुरत नाही’ असं वाटत असेल तर त्यांचं काही चुकत नाही.

ही ओढ झाड कशी सांभाळतं? पानाच्या खालच्या अंगाला हजारो सूक्ष्म तोंडं असतात, त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. ती उघडली की कर्बवायू आत येतो आणि त्याच दारातून पाण्याची वाफ बाहेर जाते. एक रेणू कर्बवायू मिळवायला झाडाला पाण्याचे शेकडो रेणू द्यावे लागतात. पान वरून खेचतं आणि खोडातल्या बारीक नळ्यांमधून पाण्याचा अखंड धागा मुळांपासून वर येतो. खेच फार वाढली तर नळीत हवेचा बुडबुडा शिरतो, धागा तुटतो आणि ती नळी बहुधा कायमची निकामी होते. हे टाळायला झाड दुपारी तोंडं आवळून घेतं. पान लुळं पडणं हा त्याच बचावाचा भाग असू शकतो. लोंबतं पान ऊनही कमी झेलतं. फुकट मात्र काहीच नाही. तोंडं मिटली की साखर बनणं मंदावतं, आणि घाम थांबला की पान तापतं.

‘हवेत कर्बवायू वाढलाय, मग झाडाचं पाणी वाचत नाही का?’ असं अनेकजण विचारतात. थोडं वाचतं, कारण तोंडं कमी उघडूनही काम भागतं. पण हवा तापून कोरडी झाली की ती बचत त्यातच खर्ची पडते.

पहाटेचं पान

म्हणून माझी पहिली विनंती: दुपारी बागेत जाऊन निर्णय घेऊ नका. पहाटे सूर्य उगवायच्या आधी जा. रात्रभर तोंडं मिटलेली असतात, मुळं पाणी उचलत राहतात, आणि पहाटेपर्यंत झाडातली ओल मातीतल्या ओलीशी जुळते. दुपारी लुळं पडलेलं पान पहाटे ताठ, टवटवीत असेल तर मातीत पाणी आहे. मग दुपारचा प्रकार हवेचा आहे आणि झाड तो निभावतंय. पहाटेही पान मलूल असेल तर अडचण खाली आहे.

खाली म्हणजे कुठे, हे फावडं सांगतं. आळ्याच्या मध्यात खणू नका. फांद्यांची टोकं जिथवर पोचतात त्या घेराखाली फूटभर खोल खणा आणि तळाची माती मुठीत दाबा. तिचा गोळा झाला आणि बोटाने ढकलल्यावर फुटला, तर वाफसा आहे. गोळाच होत नसेल तर कोरड. आणि हाताला चिकट लागली, आंबूस वास आला, तर तिथे पाणी साचलंय.

हा शेवटचा प्रकार मी जीव तोडून सांगते, कारण तिथे मी एकदा चुकले आहे. हिमाचलातल्या माझ्या पहिल्या वर्षांत एका बागेत अशीच लुळी पानं पाहिली आणि मी पाणी वाढवायला सांगितलं. खणून पाहिलं नाही. दीड फुटावर चिकणमातीचा घट्ट थर होता, पाणी खाली जातच नव्हतं, मुळं गुदमरलेली होती. तीन आठवड्यांत पानं पिवळी पडली आणि पुढच्या वसंतात अकरा झाडं फुललीच नाहीत. त्या माणसाने आपल्या हाताने लावलेली झाडं होती ती. तेव्हापासून फावड्याशिवाय मी सल्ला देत नाही.

चेरीचं मूळ हवेच्या कमतरतेला फार हळवं असतं. मातीतला प्राणवायू संपला की मुळं पाणी उचलणंच कमी करतात, म्हणजे पाण्यात उभं राहून झाड तहानतं. त्यात चेरी, आलूबुखार, पीच या सगळ्या कुळाच्या मुळांत सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात आणि गुदमरलेल्या मुळांत ती सुटून मुळांनाच मारतात. पाठोपाठ बुरशीची मूळकूज येते. द्राक्षवाले ‘पांढरी मुळी चालू आहे का’ असं विचारतात ना, तीच नजर इथे ठेवा. खणताना पांढरी, रसरशीत मुळं दिसली पाहिजेत. तपकिरी आणि साल सुटणारी दिसली तर पाणी ताबडतोब थांबवायचं.

आणखी एक कारण डोंगरातलं, जे आपल्याकडे नसतं. मार्च २०२२ हा भारतात १९०१पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. अशा वर्षी झाडं लवकर फुलतात, पालवी लवकर येते, वरची हवा तापते. पण माती अजून हिवाळ्यातलीच थंड असते आणि थंड मातीत मुळं आळसावलेली असतात. ओल असूनही पाणी पुरेसं वर जात नाही. मार्च-एप्रिलमध्ये पानं लुळी दिसली, पहाटे सावरली आणि खाली वाफसा असला, तर काही करू नका. माती तापली की ते आपोआप सावरतं.

रोजची एक बादली

ती थांबवा. सासऱ्यांना हे सांगणं सोपं नाही याची मला कल्पना आहे, कारण त्या बादलीमागे माया आहे. पण पंधरा-सोळा लिटर पाणी आळ्याच्या वरच्या चार-सहा इंचांतच राहतं आणि त्यातलं बरंचसं दुसऱ्या दिवशी उडून जातं. वर ओल मिळाल्यावर मुळंही वरच पसरतात, आणि ऊन लागलं की तोच वरचा थर सगळ्यांत आधी वाळतो. म्हणजे झाड दिवसेंदिवस त्या बादलीवर जास्त अवलंबून होत जातं.

आता हिशोब. एक मिलिमीटर पाणी एक चौरस मीटरवर म्हणजे एक लिटर. मेच्या कोरड्या दिवसांत तिथे दिवसाला साधारण पाच मिलिमीटर बाष्पीभवनाची मागणी धरू. झाडाचा घेर आरपार साडेतीन मीटर असेल तर सावली साडेनऊ चौरस मीटर. त्या मागणीचा किती हिस्सा पीक घेतं ते सांगणारा गुणांक पूर्ण पानावर आलेल्या चेरीसाठी ०.९५ धरतात. गुणाकार येतो दिवसाला ४५ लिटर, आठवड्याला ३१५. ते दोन पाळ्यांत द्या, प्रत्येकी दीडशे लिटरच्या आसपास. चार-चार लिटरचे चार ड्रिपर असतील तर एका पाळीला साडेनऊ तास लागतील, रात्री सोडा. जमीन उथळ किंवा मुरमाड असेल तर तेच पाणी तीन-चार पाळ्यांत वाटा, कारण एवढं पाणी एकदम धरायची तिची ताकद नाही.

झाडाखाली हिरवं गवत असेल तर तो गुणांक ०.९५ वरून १.२ वर जातो. पाणी जवळजवळ पाव हिश्श्याने जास्त, आणि ते गवत पितं. उतारावर गवत उपटू नका, माती वाहून जाईल. फक्त बुंध्याभोवतीच्या घेरात ते कापून तिथेच पसरा, वर वाळलेली पानं किंवा चिडाच्या (पाइनच्या) सुया चार इंच टाका, खोडाला न चिकटवता. माझ्या अनुभवात ठिबकच्या खर्चाआधी हेच करावं. कित्येक बागांत एवढ्यानेच दुपारचा ताण उतरलेला मी पाहिलाय.

खुंटाचं विचारून घ्या. पाजा या स्थानिक रानचेरीवरची जुनी कलमं असतील तर झाडं मोठी असतील आणि वरचा आकडा घेराप्रमाणे वाढेल. कोल्ट खुंट कोरडेपणा नीट सोसत नाही. गिसेला ५वरची झाडं बुटकी, लवकर फळणारी, पण मुळं उथळ. तिथे पाणी चुकवून चालत नाही. महालेब कोरडी, चुनखडीची जमीन छान सोसतो आणि साचलेलं पाणी अजिबात नाही.

फळं का तडकतात

इथे लोक सगळा दोष पावसाला देतात. पाऊस कारण आहेच, पण फळाची बाजू समजून घेतली तर थोडंफार करता येतं.

चेरीचं फळ तीन टप्प्यांत वाढतं. आधी भराभर, मग आतली आठी (बी) कडक होत असताना वाढ थबकते, आणि शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत रंग आणि साखर चढताना ते पुन्हा झपाट्याने फुगतं. सालीवर एक मेणचट थर असतो. तो बनणं फळ लहान असतानाच जवळजवळ थांबतं. पुढे फळ कितीतरी पट फुगतं आणि तोच थर ताणला जातो, फुग्याच्या रबरासारखा. त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा पडतात. पाऊस आला की फळावर पाणी बसतं, विशेषतः देठाच्या खळग्यात आणि टोकाशी थेंब तासन्‌तास अडकून राहतो. आत साखर, बाहेर निव्वळ पाणी. भेगांतून पाणी आत खेचलं जातं, तिथल्या पेशी फुटतात आणि भेग चेन उघडावी तशी पुढे सरकते. द्राक्षात अवकाळी पावसाने मणी तडकतात, त्याचीच ही जवळची बहीण आहे.

याला दुसरी वाट मुळांची. अनेक दिवस कोरड पडली आणि मग एकदम भरपूर पाणी मिळालं, पावसाचं काय किंवा घाबरून सोडलेल्या ठिबकचं काय, तर आतूनही दाब वाढतो. ढगाळ, दमट दिवशी पानं पाणी ओढत नाहीत, त्यामुळे ते फळाकडे जातं.

म्हणून भेग कुठे आहे ते पाहा. देठाशी किंवा टोकाशी बारीक, गोलाकार भेगा असतील तर बहुधा बाहेरच्या पाण्याचं काम. फळाच्या बाजूला खोल, उभी-आडवी फट असेल तर मुळांकडून आलेल्या पाण्याचा संशय घ्या. ही ढोबळ खूण आहे, नियम नाही. पण शंभर तडकलेली फळं अशी वेगळी केली की कल कळतो.

देठाशी भेगा जास्त असतील तर खरा उपाय छप्पर: ओळीवर ताणलेला प्लॅस्टिकचा पडदा, बाजूंनी वारा खेळेल असा. तुमच्या भागात गारपिटीच्या जाळ्या सर्रास दिसतात. त्या गारा अडवतात, पाणी नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात पावसानंतर चेरीच्या बागांवरून हेलिकॉप्टर उडवून फळं वाळवतात, यावरून ते पाणी फळावर बसून राहणं किती महाग पडतं ते लक्षात येईल. सव्वाशे झाडांना आपण पाऊस थांबताच फांद्या हलवू शकतो, आणि छाटणी मोकळी ठेवली तर वारा उरलेलं काम करतो. कॅल्शियमच्या फवारणीचा उपयोग होतो, पण दरवर्षी सारखा होत नाही. ती लवकर, फळ हिरवं असल्यापासून सुरू करावी लागते.

बाजूच्या फटी जास्त असतील तर उपाय तुमच्या हातात आहे: शेवटच्या तीन आठवड्यांत ओल सारखी ठेवा. ना ताण, ना पूर. आपल्याकडे संत्रा-मोसंबीला बहार धरताना ताण देतात, तसा गोडी वाढावी म्हणून चेरीला काढणीआधी ताण देऊ नका. फळ बारीक राहतं आणि पहिल्याच पावसाला फुटतं. दोन दिवस पावसाचा अंदाज असेल तर ठिबक बंद. उतारावरून येणारं पाणी बागेच्या वरच्या बाजूला चर काढून वळवा. छप्पर घालूनही मुळं बाहेरचं पाणी पीत असतील तर पैसे अर्धे वाया.

आतापर्यंतचं एकत्र बांधते: पहाटे पान बघायचं, फूटभर खणायचं, रोजची बादली सोडून आठवड्याला दोन खोल पाळ्या द्यायच्या, गवत बुंध्यापुरतं आवरायचं, आणि काढणीआधी ओलीत चढउतार होऊ द्यायचा नाही.

फळं उतरल्यावर

तुम्ही मंडळी मेच्या सुट्टीत जाता, जूनमध्ये पेट्या भरून मुंबईला परतता, आणि बाग मनातून उतरते. झाडाचं वर्ष तेव्हा संपलेलं नसतं. चेरीचं फळ जेमतेम दोन-अडीच महिने झाडावर असतं. पानं मात्र ऑक्टोबरपर्यंत काम करतात. पुढच्या वर्षीच्या फुलांचे डोळे याच उन्हाळ्यात घडतात. त्या दिवसांत तापमान तीसच्या वर राहिलं आणि पाण्याचा ताणही पडला, तर पुढच्या वर्षी जोडफळं वाढतात, एका देठावर दोन चिकटलेली. बाजारात ती मागे पडतात. म्हणजे यंदाच्या जूनमधली हयगय पुढच्या मे महिन्यात दिसते, आणि तोवर तिचं कारण कुणालाच आठवत नाही.

काश्मीरमध्ये हा काळ मोठा आणि कोरडा असतो. तिथे पाणी कमी असेल तर मी काढणीनंतरच कपात करते, तीही मोजून. ताण मोजायचं माझं साधन प्रेशर चेंबर आहे: पान पिशवीत झाकून ठेवायचं, दुपारी तोडून यंत्रात बसवायचं आणि किती दाबाला देठातून रस दिसतो ते वाचायचं. दाब जितका जास्त लागतो, तितकं झाड तहानलेलं. समाधानी झाड ५ ते ८ बार दाखवतं. १५ बारच्या पुढे मी जाऊ देत नाही. तुमच्याकडे मात्र जूनअखेर मान्सून पोचतो, त्यामुळे कोरडा तुकडा दोन-तीन आठवड्यांचाच असतो. तेवढ्यात दोन पाळ्या द्या. मान्सून आला की काम उलटं होतं: आळी फोडून सपाट करा, बुंध्याशी डबकं राहता कामा नये.

आणि बर्फ. बर्फ ही डोंगरातली सगळ्यांत चांगली ठिबक आहे: दहा सेंटिमीटर ताजा बर्फ म्हणजे साधारण एक सेंटिमीटर पाणी, तेही हळूहळू मुरणारं. जानेवारी २०२४मध्ये गुलमर्गचे उतार उघडे पडले होते, हिमाचलातही तो महिना जवळजवळ कोरडा गेला. अशा हिवाळ्यानंतर मार्चमध्ये दोन-तीन फूट खोल खणून बघा. खाली कोरड असेल तर फुलण्याआधीच एक मोठी पाळी द्या, कारण पुढे मेमध्ये झऱ्यालाही पाणी कमी असणार. ठिबकसाठी पैसे बाजूला ठेवले असतील तर त्यातले निम्मे टाकीवर घाला. पावसाळ्यात भरलेली टाकी नसेल तर ठिबकच्या नळ्यांतून काय वाहणार?

गच्चीबद्दल: नका लावू. गोड चेरीला फुलण्यासाठी ७ अंशांखालच्या थंडीचे जातीप्रमाणे सातशे ते चौदाशे तास लागतात. मुंबईची आजवरची नोंदलेली नीचांकी थंडी ७.४ अंश, १९६२च्या जानेवारीत. कलम जगलं तरी डोळे उमलणार नाहीत आणि ते कुंडीत कुढत राहील. गच्चीवर करवंद लावा. आपल्या बेकरीतल्या केकवर जी लाल ‘चेरी’ असते ती बहुतेक वेळा पाकवलेलं करवंदच असतं, आणि ते आपलं ऊन, आपला पाऊस दोन्ही सोसतं.

मला तीन गोष्टी कळवा: पहाटे साडेपाचच्या सुमाराचा एका फांदीचा फोटो आणि त्याच फांदीचा दुपारी दोनचा, फूटभर खणलेल्या खड्ड्याचा फोटो, मातीचा गोळा झाला की नाही त्यासह, आणि खुंट कुठला ते. सासऱ्यांना खुंटाचं नाव आठवत नसेल तर बुंध्याशी जमिनीतून फुटलेल्या धुमाऱ्याचं पान पाठवायला सांगा, त्यावरून बऱ्याचदा ओळखता येतं. तोवर बादली बंद ठेवा आणि बुंध्याभोवती पाला घाला.